ठरावीक अक्षरं असलेले इंग्रजी शब्द तुम्ही डोक्यातल्या डोक्यात कसे शोधता?

अक्षरवेल

रात्रीची जेवणं उरकली की आमच्याकडे एक खेळ रंगतो. एकाने दोन-चार इंग्रजी अक्षरं सांगायची आणि बाकीच्यांनी ती अक्षरं असलेला शब्द शोधायचा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचे, हा एकच नियम. आई ७२ वर्षांची आहे आणि आमच्यात तीच सर्वांत तरबेज.

परवा तिने 'एच-एच' दिलं. दोन एच शेजारी शेजारी, मध्ये काही नको. मी, नवरा आणि लेक, तिघंही वीस मिनिटं छताकडे बघत बसलो. शेवटी लेक उठली, मोबाइल घेऊन आली, शब्द शोधून देणाऱ्या एका संकेतस्थळावर दोन एच टाकले आणि यादी वाचायला लागली. आई काहीच बोलली नाही. समोरच्या कागदाची घडी घातली आणि पेन बंद केलं.

मला ते फार लागलं. यादी कुठे मिळते हे मला माहीत आहे. मला हवंय ते वेगळंच: तुम्ही स्वतः शोधता तेव्हा सुरुवात कुठून करता? शब्द सुचण्याआधी डोक्यात नेमकं काय करता?

आईची एक पद्धत सांगते. ती अक्षरं कधीच ओळीत लिहीत नाही. जुन्या पाकिटाच्या पाठीमागे घड्याळाच्या आकड्यांसारखी गोल मांडते. ओळीत लिहिली की डोळा त्याच क्रमाने वाचत राहतो आणि दुसरं काही दिसू देत नाही, असं ती म्हणते.

आडवेउभे

छान विषय. वाचनखूण साठवली.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण निम्मे वाद इथेच होतात. 'ही अक्षरं असलेला शब्द' म्हणजे चार वेगळे प्रश्न असतात. सी, ए, टी ही तीन अक्षरं घ्या. कुठेही, कुठल्याही क्रमाने चालत असतील तर 'ॲक्शन' चालेल. क्रम तोच हवा पण मध्ये दुसरी अक्षरं चालतील, तर 'चॅरियट': सी, मग एच, मग ए, मग आर-आय-ओ, शेवटी टी. सलगच हवीत, तर 'व्हेकेशन' किंवा 'एज्युकेशन'. त्यांच्या स्पेलिंगमध्ये अख्खं मांजर बसलेलं आहे. आणि फक्त हीच अक्षरं, दुसरं काही नको, तर 'ॲक्ट'. एक अक्षर दोनदा चालत असेल तर 'टॅक्ट'ही.

चारही प्रश्नांना डोकं वेगळ्या दिशेने चालवावं लागतं. तुमच्या आईंचा प्रश्न तिसऱ्या जातीचा, म्हणजे सलग अक्षरांचा. माझ्या मते सर्वांत सुंदर जात हीच.

रातकिडा

एच-एच: हिचहाइक, बाथहाउस, फिशहुक. झोपेतून उठून लिहितोय.

खडूफळा

रातकिडा यांनी दिलेले तिन्ही शब्द नीट बघा, उत्तर त्यांच्यातच आहे. हिच अधिक हाइक. बाथ अधिक हाउस. फिश अधिक हुक. पहिला शब्द एचवर संपतो आणि दुसरा एचने सुरू होतो. दोन एच एकत्र आले ते दोन शब्द जोडले गेले म्हणून.

मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते आणि मुलांना एकच सांगते: विचित्र अक्षरं शेजारी दिसली की आधी सांधा शोधा. अख्खा शब्द शोधायचाच नाही. 'एच-एच असलेला शब्द कुठला' असं विचारलं की डोकं बंद पडतं. 'एचवर संपणारे शब्द कुठले' असं विचारलं की बाथ, फिश, हिच, विथ, रफ असे भराभर येतात. मग प्रत्येकापुढे एचचा शब्द लावून बघायचा. विथ आणि होल्ड, विथहोल्ड. रफ आणि हाउस, रफहाउस.

के-के घ्या. बुककीपर, जॅकनाइफ, निकनॅक. डब्ल्यू-डब्ल्यू म्हणजे ग्लोवर्म, आपला काजवा: ग्लो आणि वर्म. आय-आय म्हणजे स्कीइंग, टॅक्सीइंग. इथे सांधा शब्द आणि प्रत्यय यांच्यामध्ये आहे. बुककीपरमध्ये तर ओ-ओ, के-के, ई-ई अशा तीन जोड्या ओळीने येतात आणि मधली जोडी बरोबर सांध्यावर बसते. सलग सहा व्यंजनांचा 'कॅचफ्रेज' हा शब्द बघा: टी-सी-एच-पी-एच-आर. नुसती अक्षरं पाहिली तर वाटेल की छपाईत चूक झाली आहे. पण टी-सी-एचनंतर शिवण उसवली की कॅच आणि फ्रेज हे दोन ओळखीचे शब्द हातात येतात.

ही सवय लागली की स्पेलिंग पाठ करावं लागत नाही. विथहोल्डमध्ये एच एक की दोन, हा प्रश्नच पडत नाही.

निळीशाई

मग थ्रेशोल्डचं काय? मी आयुष्यभर त्यात दोन एच घालत आले. थ्रेश आणि होल्ड असंच वाटतं ना?

खडूफळा

निळीशाई, अगदी मोक्याचा शब्द काढलात. थ्रेशोल्डमध्ये त्या जागी एकच एच आहे, कारण तिथे 'होल्ड' जोडलेलाच नाही. हा जुन्या इंग्रजीतून सलग चालत आलेला शब्द आहे आणि त्याचा मागचा भाग वेगळा होता. आपल्या कानाला सांधा ऐकू येतो, शब्दाच्या इतिहासात तो नाही. म्हणून मुलांकडून हा शब्द लिहून घेताना विथहोल्डही शेजारीच लिहायला सांगते. दोघांना एकत्र पाहिलं की फरक पक्का बसतो.

गुणाकार

खडूफळा ताई, सांध्याची कल्पना खूप आवडली. मी प्रोग्रॅमर आहे. यंत्र हे कसं करतं ते सांगतो, कारण त्यातली एक युक्ती कागदावरही करता येते आणि ती मला फार आवडते.

प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्यायची. ए म्हणजे २, बी ३, सी ५, डी ७, ई ११, असं करत झेडपर्यंत. झेडच्या वाट्याला १०१ येतो. शब्दातल्या सगळ्या अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार ही त्या शब्दाची ओळख. बी-ए-डी 'बॅड' म्हणजे ३ × २ × ७, म्हणजे ४२. बी-ई-ए-डी 'बीड' म्हणजे मणी, त्याचा गुणाकार ४६२. आता 'बीड'मध्ये 'बॅड'ची सगळी अक्षरं आहेत का? ४६२ ला ४२ ने भागा. बाकी शून्य, भागाकार ११. म्हणजे आहेत, आणि उरलेलं अक्षर ई. भागाकारच उरलेलं अक्षर सांगतो!

आता 'डॅड' घ्या, डी-ए-डी: ९८. ४६२ ला ९८ ने पूर्ण भाग जात नाही, कारण 'बीड'मध्ये डी एकच आहे. पण 'ॲडेड' म्हणजे ए-डी-डी-ई-डी, त्याची संख्या ७५४६. भागा ९८ ने, उत्तर ७७, म्हणजे ७ गुणिले ११, म्हणजे डी आणि ई उरले. एकच अक्षर दोनदा हवं असेल तर नुसतं 'आहे की नाही' तपासणारी यंत्रं चुकतात. मूळ संख्यांची रीत तिथे चुकत नाही, कारण कुठल्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. शाळेत शिकलेला अवयव पाडण्याचा धडा इथे उपयोगी पडतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ते रात्री कितीतरी शब्दांवर करून बघितलं होतं.

दुसरी रीत आणखी सोपी आहे. शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमे लावायची. 'लिसन' घ्या: ई-आय-एल-एन-एस-टी. आता सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल, इनलेट्स यांची अक्षरं लावा. पाचही शब्दांची ओळ तीच येते. एका कप्प्यावर ही ओळ लिहायची आणि पाचही शब्द त्यात टाकायचे. पुन्हा कधी ही अक्षरं आली की थेट कप्पा उघडायचा.

आडवेउभे

स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्यांनी शब्द जुळवायचा खेळ, मनापासून खेळणारे नेमके असेच कप्पे डोक्यात ठेवतात. टी-आय-एस-ए-एन-ई ही सहा अक्षरं त्यांची फार लाडकी, कारण त्यांना सातवं अक्षर जवळजवळ कुठलंही जोडा, शब्द निघतो. आर जोडला तर रिटेन्स, नॅस्टियर, रेटिनाज. डी जोडला तर इन्स्टेड, स्टेन्ड, डिटेन्स. एल जोडला तर सेलियंट, एन्टेल्स. जी जोडला तर सीटिंग, टीझिंग. एम जोडला की इनमेट्स, व्ही जोडला की नेटिव्ह्ज, झेड जोडला की झेनिएस्ट.

स्क्रॅबलचे जनक आल्फ्रेड बट्स हे अमेरिकी वास्तुरचनाकार. १९३०च्या दशकात त्यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून कुठलं अक्षर किती वेळा येतं ते काढलं आणि त्यावरून सोंगट्या ठरवल्या. इंग्रजी संचात १०० सोंगट्या, त्यांत ई बारा, क्यू आणि झेड एकेकच. एस मात्र वापरात भरपूर असूनही चारच ठेवला आहे, नाहीतर प्रत्येक जण नुसती अनेकवचनं करत सुटला असता.

या मोजणीतून शोधाची दिशाही मिळते. अक्षरं कुठल्याही क्रमाने चालत असतील, तर सर्वांत दुर्मीळ अक्षरापासून सुरुवात करायची. ई, पी, झेड, एच असे आले तर ईकडे बघायचंसुद्धा नाही, कारण ई सगळीकडेच असते. झेडला धरायचं. झेडचे शब्द मुळात थोडे, त्यांत पी-एच असलेले त्याहून थोडे: झेफर, म्हणजे वाऱ्याची झुळूक. नाहीतर स्किझोफ्रेनिया.

रातकिडा

सांध्याचा नियम सगळीकडे लागत नाही. डायरियामध्ये आर-आर-एच आहे. तिथे कुठले दोन शब्द जोडले?

औषधपेटी

हा प्रश्न माझ्या गल्ल्यावरचा आहे, म्हणून उत्तर देतो. मी औषधनिर्माता.

सांधा आहे, फक्त तो ग्रीकमध्ये आहे. डायरिया म्हणजे 'डाय' (आरपार) आणि वाहणे या अर्थाचा ग्रीक शब्द. तो शब्द एकटा असताना आर-एचने सुरू होतो, आणि त्याच्या आधी स्वर आला की आर दुप्पट होतो. म्हणून आर-आर-एच. हेमरेज, गोनोरिया, कटार हे त्याच घरातले किंवा शेजारचे. पी-एच-टी-एचचंही तसंच: डिफ्थेरिया, ऑफ्थॅल्मॉलॉजी, नॅफ्था. ग्रीकमधली दोन वेगळी अक्षरं रोमन लिपीत प्रत्येकी दोन अक्षरांनी लिहिली, म्हणून चौघांची गर्दी झाली. ऑफ्थॅल्मॉलॉजीतला पहिला एच गाळलेल्या पाट्या मी कितीतरी पाहिल्या आहेत.

आता एक कोडं. एक्स-वाय-झेड सलग असलेला शब्द सांगा.

निळीशाई

असा शब्द असूच शकत नाही!

औषधपेटी

आहे. रोज विकतो. हायड्रॉक्सिझीन. खाज आणि ॲलर्जीवर देतात. 'हायड्रॉक्सी' हे रासायनिक नाव एक्स-वायवर संपतं आणि पुढे 'झीन' येतं, ते पायपरझीन या रसायनाच्या घराण्याचं शेपूट. सांधा वाय आणि झेड यांच्या मधोमध. खडूफळा ताईंचाच नियम.

या शब्दाशी माझी एक आठवण जोडलेली आहे. नवशिका होतो तेव्हाची. एका दुकानात उमेदवारी करत होतो आणि संध्याकाळची गर्दी होती. चिठ्ठीवर हायड्रॉक्सिझीन लिहिलं होतं. मी मागे वळलो आणि फळीवरून हायड्रॅलझीनची बाटली उचलली. ते रक्तदाबावरचं औषध. दोन्ही नावं अकरा अक्षरांची. पहिली चार एच-वाय-डी-आर, दोन्हींत सारखी. शेवटची चार झेड-आय-एन-ई, तीही सारखी. फरक फक्त मधल्या तिघांचा: एकात ओ-एक्स-वाय, दुसऱ्यात ए-एल-ए. माझ्या डोळ्यांनी सुरुवात आणि शेवट वाचला आणि मधलं स्वतःच भरून टाकलं. आमच्या वरिष्ठांनी माझ्या हातातून बाटली घेतली, तिचं लेबल आणि चिठ्ठी शेजारी धरली आणि मधल्या तीन अक्षरांवर बोट ठेवलं. एकदा इकडे, एकदा तिकडे. बोलले काहीच नाहीत. मी घामाने भिजलो होतो.

म्हणूनच आता अशा जोडगोळ्यांची नावं लिहिताना वेगळी असलेली मधली अक्षरं मोठ्या लिपीत छापायची पद्धत आहे, बाकीची लहान. हायड्रॉक्सिझीन-हायड्रॅलझीन ही जोडी त्या याद्यांमध्ये ठळकपणे असते. शब्दात नेमकी कुठली अक्षरं आहेत हे बघण्याची सवय मला त्या दिवशी लागली. अजून प्रत्येक बाटलीचा मधला भाग आधी वाचतो.

अक्षरवेल

औषधपेटी, अंगावर काटा आला. लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे मधलं वाचायला पाहिजे." आणि खरंच कागद घेऊन बसली.

गुणाकार

औषधपेटी दादा, हा प्रतिसाद जपून ठेवतो. मला एक जाणवलं: यंत्राला सुरुवात, मध्य, शेवट सगळं सारखंच, ते मधलं गाळत नाही. आपण गाळतो, कारण आपण अक्षरं नाही, शब्दांचे चेहरे वाचतो. आईंची गोल मांडणी हा चेहराच पुसून टाकते. म्हणून ती उपयोगी पडत असावी.

रातकिडा

रोजच्या पाच अक्षरांच्या कोड्याबद्दल कोणी सांगेल का? सहा प्रयत्न असतात, तरी शेवटची चार अक्षरं जुळूनही मी हरतो. काल आय-जी-एच-टी कळलं होतं आणि तरीही गेलं.

आडवेउभे

हा सापळा प्रसिद्ध आहे. लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, फाइट, टाइट, शिवाय ई लावून एट. आठ पर्याय, आणि तुम्ही एकेक करत बसलात तर प्रयत्न संपणारच. चार अक्षरं जुळल्याचा आनंद बाजूला ठेवून एक प्रयत्न मुद्दाम 'वाया' घालवायचा. 'फिल्म्स' टाका: एफ, एल, एम, एस. उत्तर ते नसणारच, पण चार सुरुवाती एकाच फटक्यात तपासून होतात. त्यांतलं एखादं अक्षर रंगलं, म्हणजे ते उत्तरात आहे असं कोड्याने दाखवलं, तर उत्तर मिळालं, नाही रंगलं तर एन, आर, टी, ई एवढेच उरले. फक्त कडक नियमांचा प्रकार चालू असेल तर हे करता येत नाही, तिथे मिळालेली अक्षरं वापरावीच लागतात.

निळीशाई

मला स्वरांचा खेळ आवडतो. ए-ई-आय-ओ-यू पाचही असलेले शब्द. एज्युकेशन, इक्वेशन, डायलॉग (शेवटी यू-ई असलेला), कॉलिफ्लॉवर. आणि फेसिशस हा तर रत्नच: एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस, पाचही स्वर वर्णमालेच्या क्रमाने. ॲब्स्टेमियसही तसाच. उलट्या क्रमाने हवेत तर सबकॉन्टिनेन्टल: यू, ओ, आय, ई, ए.

पण माझा सर्वांत आवडता सिकोया. सात अक्षरांत पाचही स्वर. ते अमेरिकेतलं महाकाय झाड. ते नाव चेरोकी जमातीच्या सिकोया नावाच्या माणसावरून दिलं असं मानलं जातं. तो इंग्रजी वाचू शकत नव्हता. पण कागदावरच्या खुणांमधून माणसं बोलतात हे त्याने पाहिलं आणि आपल्या भाषेसाठी स्वतः लिपी बनवली. १८२१ मध्ये ती पूर्ण झाली. आणि ती आपल्या बाराखडीच्या जवळची: एक चिन्ह म्हणजे एक अख्खा उच्चार. मला हे वाचल्यापासून त्या शब्दातले स्वर मोजताना त्या माणसाची आठवण येते.

खडूफळा

किती सुंदर, निळीशाई. यावरून एक सुचलं. हा खेळ मराठीत असाच्या असा जमत नाही. 'क' आणि 'म' असलेला शब्द म्हटलं की 'किमान' चालेल का, 'कर्म' चालेल का, इथूनच चर्चा सुरू होते, कारण आपलं अक्षर स्वर पोटात घेऊन येतं. त्याचा खेळ वेगळा आणि त्याला वेगळा धागा हवा.

रातकिडा

यू नसलेला क्यू?

आडवेउभे

हे शब्द तर आपल्या कानांना ओळखीचे. बुर्का, नकाब, फकीर, तलाक, कव्वाली यांची इंग्रजी स्पेलिंगं क्यूने होतात आणि पुढे यू नसतो, कारण अरबीतला खोल घशातला 'क़' दाखवायला क्यू वापरला गेला. स्क्रॅबलवाल्यांचा आवडता क्यू-आय मात्र चिनी आहे, 'ची' असा उच्चार, प्राणशक्ती या अर्थाचा. तिथे क्यू आला तो चिनीच्या रोमन लेखनपद्धतीमुळे. एकच अक्षर, दोन दरवाजांनी आत आलेलं.

व्ही-व्हीबद्दलही सांगतो, खडूफळा ताईंच्या यादीत ते नव्हतं. सॅव्ही, रेव्हिंग, असे मोजकेच शब्द आहेत आणि बहुतेक अलीकडचे. पूर्वी दोन व्ही शेजारी लिहिले की डब्ल्यू वाटायचा, म्हणून टाळत. त्यामुळे व्ही-व्ही आलं की जुने, ग्रंथातले शब्द आठवायचेच नाहीत, बोलीतले आठवायचे.

अक्षरवेल

कालचा वृत्तान्त सांगते.

जेवणानंतर मी काही न बोलता पाकीट आणि पेन आईपुढे ठेवलं. ती थोडा वेळ बघत राहिली. मग लेकच म्हणाली, "आजी, मी देऊ?" आणि तिने डब्ल्यू-के-डब्ल्यू दिलं. आईने ते लिहिलं, मधल्या केच्या उजवीकडे पेनाने एक उभी रेघ मारली (मी तिला सांध्याबद्दल काहीही सांगितलं नव्हतं, शप्पथ!) आणि म्हणाली, "पुढे वॉर्ड. फॉरवर्ड, बॅकवर्ड, तसा वर्ड. मागे काय?" आणि मग दोघी एकदमच ओरडल्या, "ऑकवर्ड!"

मी विचारलं, ही रेघ कशी सुचली? तर म्हणाली, ती टायपिंग शिकत होती तेव्हा लांब शब्द एका दमात टंकताना चुका व्हायच्या. शिकवणाऱ्या बाईंनी शब्दावर पेन्सिलीने बारीक रेघा मारायला सांगितल्या होत्या. तेव्हापासून प्रत्येक शब्दात तिला रेघ दिसते. इतकी वर्षं शेजारी बसून खेळलो, कधी विचारलं नाही.

तिने धाग्यासाठी एक दिलं आहे. एन-के-एस-जी, सलग.

खडूफळा

आईंना माझा नमस्कार सांगा. आणि 'ऑक' हा आता एकटा वापरात नसलेला जुना शब्द, 'उलट्या बाजूला वळलेला' असा अर्थ. तो या एका शब्दात राहून गेला. रेघ बरोबर जागी मारली त्यांनी.

एन-के-एस-जी मी सांगत नाही, बाकीच्यांना संधी.

रातकिडा

एसनंतर रेघ. एन-के-एसवर संपणारे: बँक्स, टँक्स, थँक्स... थँक्सगिव्हिंग! पहिल्यांदाच यादी न बघता सुटलं. खूप बरं वाटतंय.

अक्षरवेल

वाचून दाखवलं. आई खूश. म्हणाली, मग हे घ्या: आर-एस-टी-यू. वर्णमालेतली चार अक्षरं ओळीने, सलग, आणि शब्द रोजच्या वापरातला.

गुणाकार

प्रोग्रॅम बंद करून बसलोय. फर्स्टमध्ये आर-एस-टी आहे, यू नाही. स्टुडंटमध्ये एस-टी-यू आहे, आर नाही.

औषधपेटी

गुणाकार, अगदी दारात उभे आहात. आता आरवर संपणारा शब्द घ्या आणि पुढे एस-टी-यूचा लावा. मला ओव्हरस्टफ सुचलाय, पण रोजच्या वापरातला म्हणता येणार नाही.

गुणाकार

ओव्हर, सुपर, अंडर...

अंडरस्टडी!

अक्षरवेल

बरोबर. आईने पाकिटावर आर आणि एसच्या मध्ये रेघ मारून ठेवली होती, उत्तर आल्यावर उलटून दाखवली. पुढची अक्षरं लेक देणार आहे. गोल मांडून बसली आहे.